पायजम्याची पिल्लं

मंगळवारी सकाळी सव्वासातला थोरल्याने धाकट्याच्या उजव्या मनगटावर सत्तूर घातला. पहिला घाव हाडातून गेला. दुसरा टेबलाच्या लाकडात रुतला आणि तो उपटायला वेळ लागला म्हणून तिसरा झाला नाही.

धाकटा तेव्हा लहान शेडमध्ये टेबलाशी स्टुलावर बसला होता. मांडीवर कोंबडा, डाव्या हातात काचेची वाटी, उजवा हात टेबलावर टेकलेला. कोंबड्याच्या पाठीवरून शेपटीकडे दोन-तीनदा उजवा हात फिरवायचा आणि मग अंगठा व तर्जनीने नेमक्या जागी दाबायचं, की चार-पाच थेंब वीर्य वाटीत पडतं. दाब जास्त झाला तर रक्त येतं, कमी झाला तर काहीच येत नाही. ते थेंब पातळ करून बारीक नळीने कोंबड्यांच्या आत सोडायचे. आसपासच्या सहा पैदास फार्मांवर हे काम धाकटा करत असे. दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि या कामात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता.

मांडीवरचा कोंबडा पंख फडफडवत भिंतीकडे पळाला. थोरल्याने त्याला कोपऱ्यात गाठलं, मान पिळली आणि त्याला भिंतीवर आपटलं. एकदा नाही, चार वेळा.

या कोंबड्याचं नाव पायजम्या. त्याच्या पायांवर घोट्यापर्यंत पिसं होती, आणि त्याच्यापासून झालेल्या प्रत्येक पिल्लाच्या पायांवर ती जन्मतःच दिसत.

वडील गेल्यावर भावांनी फार्म वाटून घेतला. मोठी शेड आणि तिच्यातल्या साध्या पायांच्या कोंबड्या थोरल्याला, लहान शेड आणि तोवर त्या कोंबड्यांचा नर असलेला पायजम्या धाकट्याला. थोरल्याला पायांवर पिसं नसलेली जात हवी होती. ओल्या जमिनीवर पिसांना चिखल धरतो आणि पाय सडतात, असं त्याचं म्हणणं. त्याने तीन नवे नर आणले.

वडिलांची एक पद्धत होती. नर बदलायचा झाला की जुना काढून शेड तीन आठवडे रिकामी ठेवायची, म्हणजे आत फक्त कोंबड्या. त्या दिवसांत ते भिंतींना चुना मारत आणि या सगळ्याला ‘घर पुसून घेणं’ म्हणत. थोरल्याने वीस वर्षं चुन्याची बादली धरली होती. तीन आठवडे चुना वाळायला लागतात, अशी त्याची समजूत होती. त्याने चुना मारला, चार पंखे लावून दोन दिवसांत वाळवला आणि तिसऱ्या दिवशी नर सोडायला घेतले.

धाकटा दारात येऊन उभा राहिला. पुढचं बोलणं थोरल्याच्या बायकोने ऐकलं.

“दादा, इतक्यात नर सोडू नकोस. आप्पा थांबायचे तसा थांब.”

“आप्पांचं आप्पांबरोबर गेलं.”

“कोंबड्यांच्या पोटात अजून पायजम्याचंच आहे.”

“तुझंच आहे म्हण की सरळ. वाटणी झाली तरी हात निघत नाही तुझा.”

“बघ बाबा. मी सांगायचं काम केलं.”

धाकटा जे सांगत होता ते त्याच्या धंद्याचं मूळच होतं. कोंबडीच्या अंडनलिकेत, गर्भाशयाच्या तोंडाशी, केसासारख्या बारीक नळ्या असतात. नराचं बीज तिथे साठून राहतं आणि रोजच्या अंड्याला त्यातून थोडं थोडं सुटतं. दोन आठवडे सहज, कधी तीन, एखादीत त्याहून जास्त. म्हणूनच धाकट्याला प्रत्येक फार्मवर आठवड्यातून एकदाच जावं लागे. टर्कीची मादी तर दोन-दोन महिने साठवते.

थोरल्याने नर सोडले. पहिल्याच दिवशी एकाने दुसऱ्याचा डोळा फोडला. हरलेल्याला त्याने दुपारी कापलं.

दर आठवड्याची अंडी उबवणीच्या मशिनमध्ये जात होती आणि एकवीस दिवसांनी फुटत होती. पहिली खेप फुटली, पिल्लं ब्याण्णव. त्यातल्या एकावन्न पिल्लांच्या पायांवर पिसं होती. थोरल्याने ती एकावन्न पिल्लं पाण्याच्या पिंपात टाकली, झाकण लावलं आणि झाकणावर बसला.

“अहो, जीव आहे तो,” बायको म्हणाली.

“चोराचा आहे.”

आतला आवाज थांबेपर्यंत तो बसून राहिला. मग जाऊन नवं कुलूप घेऊन आला. जुनं भंगारवाल्याला दिलं. पुढच्या दोन खेपांची अंडी कुलूप बदलण्याआधीच मशिनमध्ये गेली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसरी खेप त्या मंगळवारी फुटली. सकाळी सातला त्याने मशिन उघडलं. अठ्ठ्याऐंशी पिल्लं, पैकी पिसांची तेवीस. या वेळी त्याने पिंपाकडे पाहिलंही नाही. सत्तूर घेतला आणि अंगण ओलांडून लहान शेडमध्ये गेला. बायको मागोमाग गेली.

“किल्ली कुठंय?” थोरल्याने विचारलं.

“कसली?”

“माझ्या शेडची.”

“दादा, मागे हो. वाटी सांडेल.”

धाकट्याने मान वर केली नव्हती.

वहिनीने कोंबड्यांच्या पाण्याची रबरी नळी तोडून दिराच्या दंडाला आवळली. हात तळव्याच्या बाजूच्या कातडीवर लोंबत होता. तो तिने ओढणीत गुंडाळला आणि खाद्याच्या टेम्पोत त्याला आडवं केलं. रस्त्यात तो दोनदा शुद्धीवर आला. पहिल्यांदा ओरडला. दुसऱ्यांदा म्हणाला, “वहिनी, बोटं मोजा.” तिने मोजली. पाच होती.

हवालदार पोचला तेव्हा थोरला नळावर सत्तूर धूत होता. पळाला का नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, “कोंबड्यांना पाणी कोण देणार?” बेडी घालताना त्याने हवालदाराच्या तोंडावर डोकं हाणलं आणि त्याचे दोन दात पाडले. मग हवालदार आणि सोबतचे दोन शिपाई अशा तिघांनी मिळून त्याला तुडवलं. त्याच्या तीन बरगड्या मोडल्याची नोंद वैद्यकीय तपासणीत आहे. पायरीवरून पडून बरगड्या मोडल्या, असं पोलीस सांगतात.

धाकट्याच्या घरात अकरा किल्ल्यांचा जुडगा सापडला. दहा किल्ल्या सहा फार्मांच्या आणि त्याच्या स्वतःच्या दारांच्या निघाल्या. अकरावी कशाची, ते कळलं नाही. नव्या कुलपाला ती लागत नाही. जुनं कुलूप भंगारवाल्याकडे आता नाही.

तिसरी खेप पुढच्या मंगळवारी फुटली. मशिन वहिनीने उघडलं. हवालदार, तोंडाला पट्टी, शेजारी उभा होता आणि त्याने पशुवैद्याला बोलावून घेतलं होतं. नव्वद पिल्लांत पिसांच्या पायांची दोन निघाली.

“साठा संपत आलाय,” पशुवैद्य म्हणाला. “एकावन्न, तेवीस, दोन. कोणी आत शिरून भरत असता तर आकडा असा घसरला नसता.”

“पण ही दोन? इतक्या उशिरा?” हवालदाराने विचारलं.

“होतात. एखादी कोंबडी चिवट असते.”

“शपथेवर सांगाल?”

“माणसांची शपथ घेईन एक वेळ. कोंबडीची नाही घेणार.”

त्याच दुपारी वहिनी कोठडीत नवऱ्याला भेटली. तिने त्याला तिन्ही आकडे सांगितले, साठ्याचं सांगितलं, चुन्याचंही सांगितलं. तो बरगड्या धरून ऐकत होता.

“दोन आहेत ना पण?” तो म्हणाला.

ती उठून आली. त्यानंतर गेलेली नाही.

धाकट्याच्या हातावरची शस्त्रक्रिया नऊ तास चालली. हाडं पट्टीने जोडली, शिरा आणि स्नायूंचे दोर शिवले. हात ऊबदार आहे, म्हणजे रक्त पोचतंय. करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं आठव्या दिवशी किंचित वाकली. अंगठा आणि तर्जनी वाकली नाहीत.

“दाब किती दिला ते कळेल का मला?” त्याने डॉक्टरांना विचारलं.

“कप धरता येईल, असा प्रयत्न आहे.”

“कप कोणीही धरतो, डॉक्टर.”

हवालदार जबाबासाठी दोनदा येऊन गेला. भावाने मारलं, एवढं धाकटा सांगतो. अकराव्या किल्लीचा प्रश्न आला की भिंतीकडे तोंड करतो. सहापैकी दोन फार्मांनी दुसरा माणूस लावला आहे. त्याच्या हातून पहिल्याच दिवशी एका नराला रक्त आलं, ही बातमी धाकट्याला वहिनीने दिली. तो हसला नाही.

काल सकाळी डॉक्टरांनी त्याच्या अंगठ्याला सुई टोचली.

“टोचली,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच जागी पुन्हा टोचली. तो वाट पाहत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “टोचताय ना?”

पुढची तपासणी शुक्रवारी आहे.