आठवं नाव

हौसाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून शिवरामने टाइप केलेली तक्रार वाचून दाखवली, "जुन्या भांडणातून हाणामारी होऊन सात इसम मयत झाले."

"भांडण कुठलं, दादा?" त्या म्हणाल्या.

कल्याणला कोर्टाबाहेर तीस वर्षं टायपिंग करणाऱ्या शिवरामची वाक्यं तयारच असत. मारहाण म्हटली की जुनं भांडण. बोटं आपोआप पळायची. माणूस वाईट नव्हता, फक्त ऐकायची सवय सुटली होती.

आता मात्र त्याने ऐकलं. हौसाबाई भावाच्या गावी गेल्या होत्या. भरदुपारी शंभरेक माणसं वस्तीत शिरली. घरांना बाहेरून कड्या लावून पेट्रोल ओतलं. जो बाहेर पळाला त्याला आडनाव विचारून कोयत्याने तोडलं. भाऊ राजरत्न उंबऱ्यावरच पडला. हौसाबाई पेंढ्याआड तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. भावजयीच्या कुशीतलं मूल ओढून भिंतीवर आपटलेलं त्यांनी तिथूनच पाहिलं.

"वहिनी म्हणत होती, लेकराला सोडा. तर म्हणाले, यांचं बीसुद्धा ठेवायचं नाही."

हौसाबाईंची केस घेतलेल्या स्वप्ना वकील शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की याला वंशसंहार म्हणतात, इंग्रजीत जेनोसाइड. पूर्वी यासाठी जगाकडे नेमका शब्दच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात एका पोलिश ज्यू वकिलाने तो इंग्रजी शब्द घडवला, ग्रीकमधला वंश आणि लॅटिनमधलं मारणं जोडून. त्याचे स्वतःचे चाळीसहून जास्त नातलग मारले गेले. माणसाने काय केलं म्हणून नाही, तो कोणात जन्मला म्हणून मारायचं, मागे कुणी उरू नये म्हणून मारायचं, तो हा शब्द.

"आपल्याकडे त्याचं वेगळं कलम नाहीये, काका. खुनाचं लावू. पण शब्द लिहा."

शिवरामने भांडण पुसलं आणि तो शब्द लिहिला. मग मयतांची नावं घेतली. पोलिसांच्या यादीत सातच होती, बाळ कुठेच नव्हतं. नाव नाही तर 'अज्ञात अर्भक' लिहितो, असं तो चाचरत म्हणाला.

"अज्ञात कसं? मी आत्या त्याची. दुसऱ्या दिवशी बारसं होतं."

हौसाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर नीट करून टेबलाला वळसा घालून आल्या, आणि पाळण्यावर वाकावं तशा वाकून त्यांनी शिवरामच्या कानात नाव सांगितलं.

शिवरामने ते टाइप केलं. पुढे बापाचं नाव लावलं आणि वयाच्या रकान्यात लिहिलं, अकरा दिवस.