पिल्लाची शिट्टी

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते डॉल्फिनना शिकवत. माणसांना शिकवायची त्यांची टाप नव्हती. घरी बायको उठताबसता त्यांनाच शहाणपण शिकवी, आणि ज्या हौदावर ते कामाला होते त्याचा मालक तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्यामुळे आवाज चढवायची सोय कुठेच नव्हती.

हौदात थोरली होती आणि तिचं पिल्लू होतं. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शिट्टी असते, तेच त्याचं नाव. दुसऱ्याला बोलवायचं तर त्याच्या शिट्टीची नक्कल करायची. पिल्लाची शिट्टी दोनदा वर चढून शेवटी घसरायची. थोरली ती इतकी हुबेहूब काढायची की मास्तरसुद्धा फसायचे.

मग मालकाने पिल्लू दूरच्या एका पार्कला विकलं. थोरलीने खाणं सोडलं. हौदाच्या कडेकडेने फिरत ती सारखी पिल्लाची शिट्टी काढत राहिली.

"दाजी, ही मेली तर उड्या काय तुम्ही मारणार?" मालकाने विचारलं.

मास्तरांकडे पिल्लाच्या शिट्टीचं रेकॉर्डिंग होतं. त्यांनी ते भिंतीतल्या, पाण्याखालच्या स्पीकरवर लावलं. थोरली सुसाट भिंतीकडे आली. पलीकडे बघायला तिने सरळ वर उडी घेतली. पलीकडे कोणी नव्हतं. ती डोकं बाहेर काढून मास्तरांकडे बघत राहिली. त्यांनी मासळी पुढे धरली आणि तिने ती खाल्ली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मालकाची नजर मात्र उडीवर होती. इतकी उंच उडी थोरलीने कधीच मारली नव्हती. झालं, रोजच्या खेळाचा शेवट याच उडीने करायचं ठरलं. मास्तर माइकवर गळा काढून सांगत, "बघा, आई आपल्या बाळाला शोधतेय." मग शिट्टी, उडी, टाळ्या, मासळी. लोक डोळे पुसत आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येत.

"एका आईला रोज फसवता," बायको एकदा ताट वाढताना म्हणाली. "घास उतरतो घशाखाली?"

"तुझ्या भावाला विचार."

"त्याला मी लहानपणापासून ओळखते. मी तुम्हाला विचारतेय."

मास्तरांनी भात कालवला. पिल्लू कधीतरी परत आलं की सगळं फिटेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. स्वतःला फसवण्यात त्यांचा हातखंडा होता.

सुरुवातीला उडीआधी थोरली तीच शिट्टी काढून उत्तर द्यायची, बाळाला हाक मारायची. पुढे उत्तर बंद झालं. शिट्टी वाजली की ती नेमकी उडी मारायची आणि तोंड उघडून मास्तरांसमोर यायची. तिला शिकवणं किती सोपं, असं मास्तरांना वाटलं. त्यांना त्याचा अभिमानही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

काही वर्षांनी तो दूरचा पार्क बंद पडला आणि मालकाने पिल्लू परत आणलं. पिल्लू कसलं, चांगला दांडगा डॉल्फिन झाला होता. त्याला शेजारच्या हौदात सोडलं. मध्ये फक्त जाळीचं दार होतं. मास्तर सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. बायकोलाही सोबत आणलं होतं.

पिल्लाने जाळीला तोंड लावलं आणि शिट्टी काढली. दोनदा वर चढून घसरणारी, तीच.

थोरलीने जाळीकडे पाठ फिरवली. ती स्पीकरच्या भिंतीकडे गेली, उंच उडी मारली आणि तोंड उघडून मास्तरांसमोर आली.

पिल्लाने पुन्हा शिट्टी काढली. पुन्हा उडी, पुन्हा उघडं तोंड. मास्तरांनी दार उघडलं. पिल्लू सुसाट येऊन तिच्या अंगाला अंग घासू लागलं. मासळी आणि तिच्यामध्ये कोणी आलेलं थोरलीला चाललं नाही. तिने त्याच्या पाठीवरून दात ओढले. पाठीवर रक्ताच्या रेघा उठल्या. ते मुकाट्याने जाळीपलीकडे गेलं आणि मास्तरांनी दार लावलं.

"चला," बायको म्हणाली. तिने मास्तरांकडे पाहिलंही नाही. ती एकटीच बाहेर गेली.

मालक खूश होता. "दाजी, तो स्पीकर काढून टाका. नाहीतरी खरखर करतो. आता पोरगंच शिट्टी मारेल, आणि तीही फुकटात."

संध्याकाळी खेळ भरला. मास्तरांनी माइक हातात घेतला. त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून रोजचंच वाक्य म्हणाले. जाळीमागून पिल्लाने शिट्टी काढली. थोरलीने उडी मारली. लोकांनी हौद डोक्यावर घेतला.

मग पिल्लाने स्वतःची शिट्टी सोडली आणि थोरलीची काढली. आईची शिट्टी ते विसरलं नव्हतं. जाळीला चिकटून ते तिला तिच्या नावाने हाका मारत राहिलं.

त्या शिट्टीला मासळी मिळते असं थोरलीला कोणी शिकवलं नव्हतं. ती हलली नाही. मास्तरांच्या पायाशी तोंड उघडून थांबली होती. त्यांनी बादलीत हात घातला.