दगडोबाच्या नावेचा निळा रंग

मित्रांनो, सहलीच्या पाहुण्यांची लाँच आमच्या घाटावर आली तर दगडोबाला काय काय मिळणार होतं, ते आधी ऐका: घरावर स्लॅब, दारात मोटारसायकल आणि ‘दगड्या’चा ‘दगडोबाशेठ’. मी त्याची जुनी नाव. माझ्या वाट्याला नुसता रंग होता.

त्याच्या वडिलांनी मला बाभळीच्या फळ्यांची बांधली, फटी डांबराने बुजवल्या. पैलतीरावरची वस्ती गोदावरी ओलांडायची ती माझ्यातूनच. भाडं कुणी देत नसे. सुगीला खळ्याखळ्यावरून आमच्याकडे ज्वारी यायची. मग वर्षभर हाक आली की न्यायचंच. शाळेची पोरं सगळ्यांच्या आधी.

मग बंधाऱ्यामागे साठलेल्या फुगवट्याच्या पाण्यावर सहलीची दुमजली लाँच फिरू लागली. जेवणखाण लाँचवरच; पाहुणे आमच्या घाटावर उतरायचे ते माझ्यात बसून फोटो काढायला. मला निळा रंग लागला, झालर लागली. ओझी वाहिली तेव्हा मला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं.

त्या सुगीला पैलतीरावरची गुरम्मा ज्वारी घेऊन आली. तिची नात साक्षी नववीत होती.

“यंदा ज्वारी राहू द्या मावशी,” दगडोबा म्हणाला. “लाँच असली की मला टाइम न्हाई.”

“अरं, ज्वारी नको म्हंजे आमी बी नको का?”

“लई मनाला लावून घेता तुम्ही!” तो हसला. पोतं आलं तसं परत गेलं.

लाँच नेमकी शाळेच्या वेळेला यायची. वार्षिक परीक्षेच्या दिवशी साक्षी पैलतीरावरून हात वर करून ओरडली, “काका, पेपर हाय माझा!”

“थांब गं, पाहुणे फोटो काढून राहिले!”

ती थांबली. पेपर थांबला नाही. बापाने तिची शाळा सोडवली आणि तिला नायगावकडे मामाच्या गावी हळदीच्या कामाला धाडलं.

पुढच्या वर्षी लाँचच्या मालकाला सिमेंटच्या पायऱ्यांचा दुसरा घाट सापडला. दगडोबा रिकामं पोतं खांद्यावर टाकून गुरम्माच्या खळ्यावर गेला. तिने त्याला पाणी दिलं.

“ज्वारी लई हाय रे,” ती म्हणाली. “पण आता नेशील कुणाला?”

मित्रांनो, नावेला रंग नसला तरी चालतो. काठावर कुणी हाक मारत असेल, तर आधी तिकडे वळा.

मालकाला घाट मिळाला. दगडोबाचा स्लॅब राहूनच गेला, माझा रंग सुटत चालला. पाहुण्यांकडे फोटो आहेत. त्यांत माझ्यामागे, पार पलीकडे, एक पोरगी हात वर करून उभी आहे. ती आपल्याला टाटा करतेय, असंच त्यांना वाटत असेल. त्या फोटोंची किंमत तिने मोजली.