फोडायचीच तर थंडीत फोडा

मी होडी बोलतेय. पालथी पडल्या पडल्या बोलतेय, तेव्हा आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या.

सगळा जन्म या तळ्यावर गेला. थंडी पडली की दूरदेशीची बदकं पाण्यात उतरायची आणि दुर्बिणी घेतलेली माणसं माझ्यात. "हलू नका रे," असं एकमेकांना बजावत सगळी एकाच बाजूला झुकायची! नावाडी कपाळाला हात लावायचा, मी कुरकुरायचे.

ऊन तापलं की बदकं परत जायची. काठच्या झाडात तांबट दिवसभर टुकटुक करत बसायचा. नावाडी मला गवतात ओढून, एका कडेखाली दगड लावून पालथी घालायचा. पावसाआधी डांबर फासायचं, पण आमच्या साहेबांचं सगळं उद्यावर. "उघडीप पडली की बघू!" पक्षी गेले म्हणून तो पावसात तळ्याकडे फिरकायचाही नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र उघडीप पडताच तो डांबर घेऊन आला, बायकोही सोबत. मला कोण आनंद! लाकूड भुसभुशीत झालं होतं. तेवढं डांबर मिळतं तर आणखी काही थंड्या काढल्या असत्या. मला उन्हात ओढायला त्याने कड उचलली, तोच खालून एक बदकीण फडफडत बाहेर पडली.

"अहो, थांबा! आत अंडी आहेत."

"काहीतरीच! पक्षी कधीच गेले, सीझन संपला."

"गेले ते पाहुणे. ही इथलीच, हिचं बाळंतपण पावसातच. इतकी वर्षं तळ्यावर काढलीत ना?"

नावाडी ओशाळला. मला हळूच खाली ठेवून डांबर परत घेऊन गेला. खरं सांगू? मला रडू कोसळलं. मेलीला एवढ्या तळ्यात माझंच पोट सापडलं!

ती मात्र परतली. पुढे पिल्लं निघाली, माझ्याखाली नुसता चिवचिवाट. ती आईमागे पाण्यात उतरली तोवर माझ्या तळाच्या फळ्या कुजल्या होत्या. थंडीत नवी फायबरची होडी आली. मला कुणी विचारलंही नाही.

या पावसात बदकीण पुन्हा आलीय. काल नावाडी म्हणाला, "ही आता सरपणालाच बरी."

थकले हो मी. पाण्याची हौस फिटली, तक्रारही नाही. पण फोडायचीच तर थंडीत फोडा. तेव्हा मी रिकामी असते.