बेचाळिसावा चौकोन

फोन आला तेव्हा वायरमन एका कचेरीच्या जिन्यात शिडीवर उभा होता. दोन्ही हातांत वायरी होत्या, म्हणून फोन दोनदा वाजून थांबला तरी त्याने घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो खाली उतरला. लोकरीच्या दुकानातली बाई बोलत होती.

"भाऊजी, ताई दुकानात बोलता बोलता खाली बसल्यात. आम्ही दवाखान्यात चाललोय. तुम्ही सरळ तिकडेच या."

तो गेला. दवाखान्याच्या लांब बोळात बाकावर ती दुकानवाली बसली होती. तिच्या मांडीवर त्याच्या बायकोची कापडी पिशवी होती आणि ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिने वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. तेवढ्यावरून त्याला कळलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, कागदावर सही घेतली, पण कळलं ते आधीच.

पिशवीत तीन गोष्टी होत्या. साय रंगाच्या लोकरीचे दोन नवे गुंडे. जुन्या गुंड्यावरचा कागद, रंगाचा नंबर जुळावा म्हणून तिने नेलेला. आणि एक तळहाताएवढा विणलेला चौकोन, तीन बाजू झालेला, चौथीच्या तोंडाशी क्रोशाची सुई तशीच अडकलेली. लोकर तिथे संपली होती.

घरी असे एक्केचाळीस चौकोन एका डब्यात पडले होते. सगळे सारखे: मध्ये पिवळा, मग हिरवा, मग विटकरी, शेवटी साय रंग. सहा आडवे, सात उभे जोडले की एक छोटं पांघरूण होणार होतं. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या गावात असायची आणि तिला सहावा महिना होता. पांघरूण तिच्या बाळासाठी.

सगळं आटोपून लेक परत निघाली तेव्हा तिने डबा उघडून पाहिला.

"बाबा, हे मी घेऊन जाते. आहे तसं."

"आहे तसं कशाला?" वायरमन म्हणाला. "काय राहिलंय त्यात? शेपट्या कापायच्या, भिजवून टाचायचं आणि जोडायचं. मी करतो."

"तू?"

"मग? अख्ख्या बिल्डिंगची वायर ओढणारा माणूस मी. मला बेचाळीस चौकोन जोडता येणार नाहीत?"

लेक बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा थोडी हसली. त्या हसण्यामुळेच तो शब्द देऊन बसला. "बाळ यायच्या आत तुझ्या घरी पोचतं करतो," म्हणाला.

शेपट्या म्हणजे धाग्यांची टोकं. रंग बदलला की एक टोक जुन्या धाग्याचं सुटतं, एक नव्याचं. चार रंग म्हणजे एका चौकोनाला आठ शेपट्या, बोटभर लांब, उलट्या बाजूने लोंबणाऱ्या. त्याच्या बायकोला या शेपट्यांचा भारी कंटाळा. विणायला ती कधी थकली नाही, पण शेपट्यांपाशी आली की काम डब्यात जायचं. "तुझं प्रत्येक काम शेपटीपाशी येऊन बसतं," तो चिडवायचा. ती म्हणायची, "अहो, तुम्ही एकदा करून बघा, मग बोला."

मग कधीतरी ती एखादा दिवस धरून सगळ्या शेपट्यांचा निकाल लावायची. तो कामावरून यायचा तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं असायचं, त्यावर कात्री, आणि कात्रीशेजारी रंगीत धाग्यांच्या तुकड्यांचा ढीग. "संपल्या बाई एकदाच्या," म्हणून ती पाठ सरळ करायची. तो वर्तमानपत्राची पुडी करून कचऱ्यात टाकायचा. चौतीस वर्षांच्या संसारात हे त्याने निदान वीसदा पाहिलं होतं. कात्री पाहिली होती, ढीग पाहिला होता.

त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा पिऊन तो बसला तेव्हा त्याला कसलीच शंका आली नाही. त्याने वर्तमानपत्र पसरलं. कात्री हातात नीट बसेना, म्हणून हत्यारांच्या पेटीतून वायर कापायचं कटर घेतलं. वायरींचा जुडगा प्लास्टिकच्या पट्टीने आवळला की पट्टीचं उरलेलं शेपूट मुळाशी छाटायचं असतं, बोटाला लागता कामा नये. हे तो आयुष्यभर करत आला होता आणि त्याच्याइतकं साफ कुणी करत नसे. त्याने चौकोन उलटा धरला, शेपटी ताणली आणि मुळाशी कट. दुसरी. तिसरी. एक काम धरलं की ते सगळीकडे संपवून मगच दुसरं घ्यायचं, ही त्याची पद्धत. दुपारपर्यंत एक्केचाळीस चौकोन झाले. तीनशे अठ्ठावीस शेपट्या. समोर ढीग पडला, अगदी तिचा पडायचा तसाच. त्याने पाठ सरळ केली आणि पुडी बांधून कचऱ्यात टाकली.

बेचाळिसावा, सुई अडकलेला, त्याने पिशवीतून काढला नव्हता.

पुढचं काम भिजवायचं. ते मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कोमट पाण्यात चौकोन बुडवायचे, हलके दाबायचे, थर्माकोलच्या पाटीवर चारी कोपरे ताणून टाचण्या मारायच्या. वाळले की सगळे एका मापाचे होतात. पाटीवर बारा मावत, म्हणून त्याने बारा बुडवले.

पहिला दाबून बाहेर काढला तर मधलं पिवळं उघडलं होतं. बोट जाईल एवढं भोक. त्याला वाटलं, हिचीच एखादी गाठ सैल राहिली असेल. दुसरा काढला. त्याची साय रंगाची कड कोपऱ्यापासून सुटून हातात आली. तिसऱ्याचा हिरवा धागा पाण्यात सापासारखा तरंगत होता. तो घाईघाईने एकेक बाहेर काढू लागला, आणि जेवढं जपून काढायला जावं तेवढं जास्त उसवत होतं. त्याने ओल्या हातांनी कचऱ्यातली पुडी उघडली. तीनशे अठ्ठावीस तुकडे. त्यांचं काय करायचं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. तो बादलीपाशी स्टुलावर बसून राहिला. पाणी पार थंड झालं.

लेकीचा फोन रोज यायचा.

"बाबा, जेवलास?"

"हो."

"पांघरुणाचं कुठवर आलंय?"

"वाळतंय."

आठवडा गेला तरी ते वाळतच होतं. दुसराही गेला.

"बाबा, तिकडे सूर्य उगवतो ना रे अजून?"

"लोकर जाड आहे," तो म्हणाला आणि वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. बारा चौकोन पाटीवर टाचलेले होते, टाचण्या काढायचा धीर नव्हता. बाकीचे एकोणतीस डब्यात होते, वरून धडधाकट दिसणारे. पण त्यांचीही मुळं छाटलेली आहेत हे त्याला माहीत होतं. डबा हलवायचीही त्याला धास्ती वाटे.

तिसऱ्या आठवड्यात तो डबा आणि पाटी घेऊन लोकरीच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर रंगवार फळ्या, गल्ल्यामागे ती बाई चष्मा कपाळावर चढवून बसलेली. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. तिने स्टूल पुढे केलं. त्याने डबा उघडला. तिने एक चौकोन उलटा केला, चष्मा डोळ्यांवर घेतला, दुसरा उलटा केला, तिसरा.

"कुणी केलं हे?"

"मी."

"कशाने?"

"कटरने."

"कटरने!" तिने कपाळाला हात लावला. "भाऊजी, शेपटी आधी ओवायची असते हो! मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्यायची, शेपटी तिच्यात घालायची, विणीतनं पुढे न्यायची, मागे आणायची, परत पुढे. सगळी आत मुरली की मग जे इतकंसं उरतं ना, ते कापायचं. तुम्ही कधी बघितलं नाहीत ताईंना ओवताना?"

"नाही," तो म्हणाला. "मी यायचो तेव्हा झालेलं असायचं. मला ढीगच दिसायचा."

बाई उठून आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली.

चहा पिता पिता तिने सगळे चौकोन दोन ढिगांत लावले. "हे एकोणतीस वाचतील. आतली टोकं त्या त्या रंगाच्या धाग्याने टाके घालून धरू. बाहेरच्या कडेचे तीन-चार खांब, हे उभे टाके, उसवायचे, म्हणजे ओवण्यापुरता धागा हातात येतो. तो ओवायचा, आणि उसवलेले खांब नव्या लोकरीने परत घालायचे. भिजलेल्यांतले सातही ओढूनताणून जमतील. हे पाच मात्र गेले. हे मधल्या साखळीपासून नवे विणावे लागणार."

"तुम्ही द्याल करून?"

"दिलं असतं. पण माझं मनगट आता दुकानापुरतंच उरलंय." तिने पट्टा बांधलेला हात दाखवला. "शिकवते. तुमच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी या. गिऱ्हाईक नसतं तेव्हा."

"म्हणजे प्रत्येकात तिचे तीन-चार खांब जाणार आणि माझे येणार."

"हो. दुसरा इलाज नाही."

वायरमनने मान हलवली. ज्या हातांनी छाटलं त्याच हातांनी ते पुन्हा विणायचं, आणि आधी आणखी थोडं उसवायचं. त्याला फार थकल्यासारखं झालं.

तो शिकला. पहिली दुपार नुसत्या साखळीत गेली. सुईवर धागा घ्यायचा, फासातून ओढायचा, परत घ्यायचा. त्याची साखळी इतकी आवळून यायची की सुई दुसऱ्यांदा आत शिरेना.

"भाऊजी, बोर्डाचा स्क्रू नाही तो. सैल सोडा."

"सैल राहिलं की माझ्या धंद्यात ठिणगी उडते."

"इथे काही उडत नाही. आणि श्वास घ्या मध्येमध्ये. गिऱ्हाईक आलं तर वाटेल, मी तुम्हाला कोंडून ठेवलंय."

एकदा खरंच एक गिऱ्हाईक आलं, वायरमनकडे बघत राहिलं आणि दुकानवालीला हळूच म्हणालं, "नवीन माणूस ठेवलात का?" बाई म्हणाली, "ठेवलाय, पण कामाला फार हळू आहे." तो खांब घालत राहिला. पुढच्या सुट्टीच्या दुपारी त्याला पहिला अख्खा चौकोन जमला. तो बाकीच्यांपेक्षा दोन बोटं लहान आला. उसवून त्याने तो परत विणला.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा वाळतंय म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने सगळं सांगितलं.

"सगळेच कापलेस?"

"एक सोडून. सुई अडकलेला तेवढा राहिलाय."

तिला रडू फुटलं. तो फोन कानाला लावून उभा राहिला. मग नाक ओढून ती म्हणाली, "आई असती तर तुला घराबाहेर काढलं असतं."

"हो. आणि कटर आधी काढून घेतलं असतं."

"बाबा, आहे तसं पाठवून दे. मी तसंच जपून ठेवेन."

"आहे तसं राहणार नाही ते. डब्यातल्या डब्यात सुटत जाईल. मला करू दे."

"मग कर," ती म्हणाली. "पण शब्दबिब्द देऊ नकोस आता."

बाळ वेळेवर आलं. मुलगी झाली. वायरमन दोन दिवस रजा काढून गेला, बघून आला. बाळ दुकानातून आणलेल्या निळ्या चादरीत गुंडाळलेलं होतं. लेकीने पांघरुणाचं विचारलं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. बाळाची मूठ त्याच्या बोटाभोवती बसली तेव्हा लेक म्हणाली, "बोटाला काय झालंय तुझ्या?" क्रोशाच्या सुईने पहिल्या बोटाच्या पेरावर घट्टा पडला होता. "आईला इथेच होता," ती म्हणाली. त्याला ते आठवत नव्हतं. त्याने आठवून पाहिलं, तरी आठवेना.

तेव्हापासून रोज कामावरून आला की हातपाय धुऊन तो खिडकीपाशी बसतो, उजेड आहे तोवर. एका बैठकीत दोन शेपट्यांचं काम होतं, पाठ दुखत असली तर एकीचं. चौकोन उलटा करून पाहिला की त्याला त्याचे खांब ओळखू येतात. तिचे मऊ पडतात, त्याचे उभे राहतात. दुकानवाली म्हणते, दोनदा धुतलं की कुणाला कळणार नाही.

मागच्या सुट्टीच्या दुपारी तो पिशवी घेऊन दुकानात गेला होता. बाईने सुई अडकलेला चौकोन हातावर घेतला, पण सुईला हात लावला नाही.

"आता तुम्हाला येतंय की. नंबर जुळणारी लोकरही ताईंनी त्याच दिवशी घेतलेली आहे. सुई आहे तिथून उचला आणि चौथी बाजू घालून टाका."

त्याने सुई धरली. नव्या गुंड्याचं टोक काढलं, तिच्या संपलेल्या धाग्याशेजारी ठेवलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग गुंडा परत गुंडाळला.

"आज नको," तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाली आणि गिऱ्हाईकाकडे वळली.

नात आता चार महिन्यांची आहे. सव्वीस चौकोन नीट झालेत, त्यांतले दोन पहिल्यापासून त्यानेच विणलेले. पंधरा बाकी आहेत. त्यानंतर भिजवून टाचणं आहे, जोडणी आहे, भोवतीची कड आहे. बेचाळिसाव्याची चौथी बाजू राहिलीय. सुई अजून तिथेच आहे.