पेजवाल्या बाबांचा चमत्कार

नोएडाच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोणचीवाल्या, केकवाल्या, पार्लरवाल्या, दीडएकशे बायका मोबाइल छातीशी धरून बसल्या होत्या. व्यासपीठावर पेजवाले बाबा. अंगात भगवी कफनी, मनगटावर स्मार्टवॉच.

"अल्गोरिदम! देवियों, इस शब्द में ही ऋद्धि छुपी है!" बाबा गरजले. "ऋद्धि आई, तो कस्टमर अपने आप आएगा!"

चौरंगावर एका केकवालीचा मोबाइल होता. त्यावरचं तिचं पेज मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. फॉलोअर तीनशे चार. बाबांनी मोरपीस फिरवलं, डोळे मिटून मंत्र पुटपुटला. आकडा हलला. हजार. अडीच हजार. पाच हजार! टाळ्यांचा कडकडाट झाला. केकवाली रडायलाच लागली.

मागच्या रांगेत उल्का दातओठ खात बसली होती. अडीच महिन्यांपूर्वी तीही अशीच रडली होती.

उल्का घरी नऊवारी शिवून विकायची. तिच्या पेजवर दोनशे दहा बायका होत्या, बहुतेक दिल्लीच्या लष्करी छावणीतल्या मराठी जवानांच्या घरच्या. बारसं असो की डोहाळजेवण, नऊवारी उल्काकडचीच. बाबांनी दक्षिणा घेऊन तिला पाच हजार फॉलोअर दिले आणि एक अट घातली. जुन्या बायकांची नजर लागली आहे, सगळ्यांना ब्लॉक कर. तिनं एकेक नाव शोधून ब्लॉक केलं. त्यानंतर एकही ऑर्डर आली नाही. विचारलं, तर बाबा म्हणाले, "श्रद्धा कम पड़ रही है, बेटी।"

मग एका हळदीकुंकवाला सुभेदारांच्या हौसाबाई भेटल्या. उल्काची पहिली नऊवारी त्यांनीच घेतली होती, तिचं नाव छावणीभर त्यांनीच केलं होतं.

"उल्का, माझं काय चुकलं गं?" हौसाबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं. "सुनेच्या डोहाळजेवणाला तुझ्याकडचीच नऊवारी घ्यायची होती. तुझं पेजच दिसेना. सून म्हणाली, आई, तुम्हाला ब्लॉक केलंय."

उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्याआल्या तिनं मैत्रिणीला, प्रज्ञाला फोन लावला. प्रज्ञा फरीदाबादच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं उल्काच्या पाच हजारांची यादी उघडली.

"एकाचाही फोटो नाही. सगळी खाती एकाच आठवड्यात उघडलेली. यार, यातलं कोण नेसणार तुझी नऊवारी?"

"पण आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढला! बाबांनी फोनला बोटसुद्धा लावलं नव्हतं."

"बाबांचं राहू दे. आत जाताना टेबलावर काय लिहून घेतात?"

"पेजचं नाव," उल्का म्हणाली. "म्हणजे मंत्राआधीच त्यांच्याकडे नाव असतं!"

म्हणून आज दोघी आल्या होत्या. प्रज्ञानं दोन कोरी पेजेस बनवली होती, 'हिरवी बांगडी' आणि 'पिवळी बांगडी'. टेबलावरच्या फॉर्मवर तिनं लिहिलं 'हिरवी'. केकवालीनंतर तिचा नंबर आला, तेव्हा व्यासपीठावर नेला तो 'पिवळी'चा फोन. 'हिरवी' उघडलेला दुसरा फोन मागे उल्काच्या हातात होता.

मोरपीस फिरलं, मंत्र झाला. पडद्यावर शून्य. बाबांनी आवाज चढवला. शून्यच. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"इस फोन में अविश्वास भरा है!" बाबा ओरडले.

"रुकिए मत, बाबा!" उल्का ताडकन उठली आणि हातातला फोन सगळ्यांना दाखवत पुढे आली. "मंत्र लग गया है! लेकिन इस पेज को, जिसका नाम फॉर्म में लिखा था। पूरे पाँच हज़ार!"

प्रज्ञानं सरळ जाऊन व्यासपीठामागचा कापडी पडदा ओढला. मागे एक चेला लॅपटॉप घेऊन बसला होता, शेजारी फॉर्मचा गठ्ठा. खोटी खाती बाजारात ठोक भावात मिळतात. फॉर्मवरचं नाव बघायचं आणि बटण दाबायचं, एवढाच तो मंत्र. खरी गिऱ्हाइकं पेजवर राहिली असती, तर हे पाच हजार कोण म्हणून त्यांनीच विचारलं असतं. म्हणून त्यांना लगेच हाकलायचं.

"घोर कलियुग!" म्हणत बाबा मागच्या दारानं सटकले. तरीही दोन बायका चेल्याला विचारत होत्या, "भैया, हमारा नंबर कब आएगा?"

ते ऐकून उल्काचं डोकंच फिरलं. तिनं माइक ओढून घेतला. हिंदी-मराठीची सरमिसळ झाली, पण शब्द अडला नाही.

"अगं, लोणचं घालताना मोहरी पारखून घेता ना? कापड दोन बोटांत चोळून बघता ना? मग हा फोन हातात आला की अक्कल कुठे गहाण पडते? आकडा वाढला तर विचारा, ही माणसं कोण, राहतात कुठे, एकीनं तरी काही विकत घेतलं का? उत्तर मिळालं नाही तर हात जोडू नका, उठून चालू लागा. मी विचारलं नाही. ज्या बाईनं मला उभं केलं, तिच्याच तोंडावर मी दार लावलं. ते पाप बाबाचं नाही, माझं आहे. तुम्ही तरी विचारा!"

माइक खाली ठेवून तिनं आपला फोन काढला आणि तिथेच उभ्याउभ्या ब्लॉकची यादी उघडली. पहिलं नाव हौसाबाईंचंच होतं.