प्लग कुणाकडे?

सुतारमिस्त्री एरवी कुणाच्या बापाला भीक घालणारा नव्हता. पण कटर मशीनचं ब्लेड बदलायची वेळ आली की त्याच्याइतका भित्रा माणूस शोधून सापडला नसता. त्याच्या उस्तादाची दोन बोटं त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. बटण बंद होतं, पण प्लग भिंतीत तसाच होता, आणि मशीन उलटं करताना अंगठा बटणावर पडला. तेव्हापासून मिस्त्रीच्या कारखान्यात एकच कायदा होता. ब्लेड बदलणारा एक आणि प्लग मुठीत धरणारा दुसरा. "प्लग कुणाकडे?" असं विचारायचं, "माझ्याकडे" ऐकायचं, मगच पान्याला हात लावायचा.

हे "माझ्याकडे" बारा वर्षं त्याच्या लेकीनं म्हटलं. शाळेतून आली की दप्तर भुशात टाकून ती प्लग धरायला उभी. बाप गॉगल न लावता मशीनपाशी गेला, की तिचे हात कमरेवर गेलेच म्हणून समजा. आई नव्हती, त्यामुळे आईचा दराराही तिनंच सांभाळला. मग ती शिकली आणि लांबच्या शहरात एका दवाखान्यात नोकरीला लागली. मिस्त्रीनं हसतहसत निरोप दिला आणि पुढचा आठवडाभर कारखान्याचं कुलूप काढलं नाही.

शेवटी कामं अंगावर आली, तेव्हा त्यानं तोडगा काढला. ब्लेड बदलायच्या आधी लेकीला फोन लावायचा.

"प्लग काढला गं."

"कुठे ठेवलात?"

"फळीवर. समोर दिसतोय."

"मग बदला. आणि ब्लेडवरच्या गार्डमधला भुसा झाडा, नाहीतर तो अडकतो."

नट सैल करता करता जेवलीस का, झोप होते का, खोली कशी आहे, असं सगळं विचारून व्हायचं. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा. त्याला तिची फार आठवण यायची, आणि ती सांगायची कशी हे त्याला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

"ब्लेड बोथट झालं गं" असे फोन मात्र भराभर यायला लागले. महिना टिकणारं ब्लेड आठवड्यावर आलं, मग दोन दिवसांवर.

"बाबा, तुम्ही लाकूड कापताय की दगड?"

"हल्ली मालच असा येतो गं," मिस्त्री ठोकून द्यायचा.

एकदा दुपारी तिनं फोन उचलला नाही. वॉर्डात होती. मिस्त्री पाना हातात धरून दीड तास बसून राहिला. दारासाठी आलेलं गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलून निघून गेलं. संध्याकाळी त्यानं हे लेकीला मोठ्या ऐटीत सांगितलं. "तू नव्हतीस, म्हणून ब्लेडला हात लावला नाही. कायदा म्हणजे कायदा!"

पंधरा दिवसांनी एक खोकं आलं. आत बॅटरीवर चालणारं नवंकोरं मशीन होतं. त्याला ना वायर, ना प्लग. खोकं उघडतोय तोच लेकीचा फोन.

"बॅटरी काढायची, खिशात टाकायची, मग ब्लेड बदलायचं. आता तुम्हाला दुसरं कुणी लागणारच नाही, बाबा! माझी काळजी मिटली."

मिस्त्रीनं बॅटरी काढली, लावली, पुन्हा काढली. मशीन हाताला हलकं होतं, गार्ड झटकन बसत होता, नाव ठेवायला जागा नव्हती. ते उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावं असं त्याला वाटलं.

"आवडलं ना?"

"झकास आहे," तो म्हणाला आणि त्यानं मशीन खाली ठेवलं. "पोरी, ती ब्लेडं बोथट झाली नव्हती गं."

"म्हणजे एवढी चांगली ब्लेडं तुम्ही फेकून दिलीत?"

"फेकतोय कशाला," मिस्त्री म्हणाला. "काढायचो, पुसायचो आणि तेच परत लावायचो."